माझ्या नावाचं कासव

३ जून
म्युझियमच्या तळघरात स्वयंसेवक म्हणून अकरावं वर्ष. टेबल तेच, पाठ मात्र ती राहिली नाही. डायनासोरची हाडं शेजारच्या टेबलावरच्या डुएनकडे जातात, कासवांच्या कवचाचे तुकडे माझ्याकडे. हरकत नाही. सात कोटी वर्षांपूर्वीचं कासव कुठलं, ते कवचाच्या नक्षीवरूनच कळतं. कुणाला खळगे, कुणाला पुटकुळ्या. त्यात आपला हात कोण धरणार?

५ जून, दुपार
कवचावरचा दगड खरवडायला हवेच्या दाबावर सुई ठोकणारं नवं पेन मिळालं. दाब पूर्ण ठेवला, काम झरझर होतं. एका तुकड्यावर ओळीने बारीक टिंबं निघाली! कुठल्याच पुस्तकात नाहीत. नवी जात. नाव माझंच लागणार, हॉगनचं कासव. तूर्त कुणाला सांगायचं नाही.

५ जून, संध्याकाळ
व्हर्नाला सांगितलं. बायकोला सांगणं हे सांगण्यात धरत नाहीत.

८ जून, रविवार
चर्चमध्ये कॉफीला सगळे अभिनंदन करत होते. व्हर्ना म्हणते, तूच सांगितलंस. असेल.

९ जुलै
टिंबांचे साठ तुकडे झाले. आता पलीकडच्या खोऱ्यातलेही. म्हणजे ही जात अर्ध्या मोंटानात पसरली होती. डुएननेही मधे काही कवचं साफ केली, त्यांत एकही नाही. बिचाऱ्याची नजरच तयार नाही.

१ ऑगस्ट
शोधनिबंधाचं रोज एक पान लिहायचं. आज शीर्षक झालं. उकाडा फार, गुडघे दुखतात.

१४ ऑगस्ट
डुएन म्हणाला, एक तुकडा साफ न करता ठेव. जळतो मेला. लक्ष दिलं नाही. निबंध: शीर्षक बदललं.

२ सप्टेंबर
आमच्या प्रमुख, डॉ. कोल्स्टॅड, उन्हाळाभर खोदकामावर होत्या, आज परतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ बघत बसल्या. कासवाचं काहीच नाही, पेनचा दाब किती ठेवता ते विचारलं. मग नवा तुकडा पुढे ठेवला, साधे खळगे असलेला, आणि पेन चालवायला सांगितलं. चालवलं. टिंबं आली.

"हॉगन, ही टिंबं कासवाची नाहीत, तुमची आहेत."

खालची खरी नक्षी कुठे गेली, मी विचारलं.

"होती," त्या म्हणाल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उन्हाळ्यातले दोनशे चौदा तुकडे. आता ते कुठल्या कासवाचे, कुणालाच सांगता यायचं नाही. फार थकलोय.

५ सप्टेंबर
सगळे तुकडे एका कपाटात गेले. दारावर चिठ्ठी: 'हॉगन यांनी साफ केलेले. अभ्यासासाठी वापरू नयेत.'

जेवताना व्हर्नाने विचारलं, नावाचं काय झालं? लागलं, म्हणालो. कशाला, ते तिने विचारलं नाही. बटाटे वाढले.