पाठ फिरवून बसलेला पक्षी

रविवार, ९ मार्च २०२५ रोजी सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा भाऊ (धंदा: हाताने गिटार घडवणे) भर मैफलीत माईक हातात घेऊन म्हणाला, "गिटारीवरचा हा पक्षी आमच्या धाकटीच्या हातचा!" टाळ्या पडल्या. धाकटी बहीण लाजली. मी तिसऱ्या रांगेत होते. म्हणून हे मृत्युपत्र.

मी वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, अविवाहित. माझ्या डोक्यावर बसून कुणी हे लिहून घेत नाही. तेवढी कुणाची छाती नाही. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला. म्हणाले, "बाई, डोकं अगदी ठिकाणावर आहे. जिभेचं मात्र मी लिहून देत नाही."

१. बँकेतली ठेव भाचीला. ती धाकटीची मुलगी आहे, यात तिचा दोष नाही.

२. वरच्या दोन खोल्या धाकटीला. माझा फ्रॉक, माझी सायकल, खिडकीजवळची माझी खाट, सगळं "लहान आहे ना ती" म्हणून तिलाच गेलं. आता ती एकसष्टची आहे. खोल्याही घे, बाई.

३. चित्रं उतरवायचं सामान, म्हणजे रबरी रोलर, स्पंज आणि चित्रांची फाइल, माझ्याबरोबर जाळावं. भावाच्या गिटारींवर आजवर चित्रं मी उतरवली. छापील कागद लाकडावर पालथा चिकटवायचा, वाळला की ओला करून बोटाने चोळत कागद तेवढा काढायचा. चित्र लाकडावर राहतं. चोळून चोळून माझ्या अंगठ्याच्या रेषा गेल्या. पेन्शनचं अंगठा घेणारं यंत्र मला ओळखत नाही. आता भाऊही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे मी घरी बसले, तेवढ्यात धाकटी भावाच्या कारखान्यातल्या माझ्या स्टुलावर जाऊन बसली. पक्षी माझ्याच फाइलीतला. शेजारणीच्या वहीत बघून लिहिणं ही चोरी, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या. हिला बघूनही धड लिहिता आलं नाही. कागद पालथा लागतो, म्हणून चित्र आधी उलटं छापून घ्यावं लागतं. हिने सुलटंच छापलं. माझे पक्षी गिटारीच्या भोकाकडे तोंड करून ऐकत असतात. हिचा सुरांकडे पाठ करून बसला आहे.

मैफल संपल्यावर मी भावाला विचारलं, "पक्षी नीट पाहिलास?"

"ताई, किती गोड आलाय गं!" म्हणाला, आणि खुर्च्या उचलायला पळाला. केसाएवढी चीर दिसली तर अख्खी फळी फेकून देणारा माणूस!

४. तळमजला, म्हणजे भावाचा कारखाना, माझ्या नावावर आहे. तो कुणाला, ही जागा तूर्त कोरी.

सही केली आहे. अंगठा उमटत नाही.
साक्षीदार: वर उल्लेखलेले डॉक्टर, शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही करताना हसल्या, याची नोंद असावी).
स्थळ: माझं जेवणाचं टेबल. दिनांक १७ मार्च २०२५.

ता. क. भावा, ही प्रत तुझ्यासाठी. पक्षी उलटा आहे हे तुला दिसलंच नाही, की दिसलं आणि तिच्यासाठी गिळलंस? दिसलं नसेल तर तळमजला तुझा. तुझे डोळे तपासून घे. दिसलं असेल तरी तुझाच, पण माझं स्टूल त्याच दिवशी रिकामं झालं पाहिजे. उत्तर आलंच नाही, तर तळमजला शेजारच्या भंगारवाल्याला. सोमवार, ३१ मार्च, सायंकाळी पाचच्या आत लेखी कळव. तोंडी चालणार नाही. तोंडी तू सगळ्यांशीच गोड बोलतोस.