तिसऱ्यांदा गोठली तर

९ डिसेंबर

शून्याखाली अकरा. आज ऑरिन घरगाड्यांच्या तळावरच्या क्लबच्या खोलीत सगळ्यांसमोर बोलून बसला. शेजारच्या गाडीतला डेलमार डिवचत होता — "म्हाताऱ्या बायकोला मुलीकडे ने की ॲरिझोनात. उन्हात बसेल बिचारी." तर हा म्हणतो, "अकरा हिवाळे मोटरहोममध्ये काढलेत. एकदा पाण्याची लाइन गोठू दिली नाही. ज्या हिवाळ्यात तीनदा गोठेल, त्या हिवाळ्यात गाडीची चावी या थोराच्या हातात. नेईल तिकडे येईन."

मी कॉफी ओतत होते. थेंब सांडला नाही.

लेकीचा, सिग्नेचा मुलगा चार वर्षांचा झाला. आजीने त्याला अजून फोनच्या काचेतच पाहिलंय.

१४ डिसेंबर

याचं पाण्याचं सोवळं पाहावं! गाडीभोवती पेंढ्याचे भारे. पाइपाला विजेची गरम पट्टी. ओट्याखालची कपाटं सताड उघडी, आतल्या नळ्यांना ऊब लागावी म्हणून. नळाची धार पेन्सिलीच्या शिशाएवढी — "थेंब थेंब सोडलंस तर सांडपाण्याचा पाइप गोठतो, थोरा. चाळीस वर्षं सांगतोय, डोक्यात शिरत कसं नाही?"

गाडी घेऊन अकरा वर्षं झाली. चाळीस वर्षं लग्नाला. त्याच्या लेखी दोन्ही एकच.

१९ डिसेंबर

काढला. गरम पट्टीचा प्लग, मागच्या चाकाशी. अंधार पडताना काढला, उजाडायच्या आत परत लावला. येताना बर्फातली पावलं झाडूने पुसली.

सकाळी नळ सुका. ऑरिन आधी माझ्याकडे बघत राहिला, मग नळाकडे. पेंढ्याचा एक भारा ओढून गाडीखाली सरपटत गेला, हेअर ड्रायर घेऊन. दोन तास. वर आला तेव्हा भुवयांवर बर्फ होता. डेलमारने हाक मारली, "काय रे, पहिली का?"

मला बरं वाटलं. लिहितेय ते खरं लिहितेय.

२० डिसेंबर

ऑरिन म्हणाला, "दाराशी बर्फ कुणी झाडला? आपल्याकडे एवढी स्वच्छता कधीपासून?" मी म्हटलं, नाताळ आलाय.

३ जानेवारी

दुसरी. शून्याखाली चोवीस. हा खाली, मी वर स्वेटर विणत बसलेली. खालून गाडीच्या तळाला ठोकत होता — कोरडा हातमोजा दे म्हणून. ठोकू दे म्हटलं. ही ओळ पुरी करून उठते म्हटलं. मग आणखी एक ओळ विणली.

ओल्या हाताने पितळेचा सांधा धरला होता त्याने. बोटं त्यालाच चिकटून गोठली.

८ जानेवारी

डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कापावी लागली. डॉक्टर म्हणाले, हातमोजा कोरडा असता तर वाचली असती. ऑरिनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझीच चूक," म्हणाला त्यांना.

घरी येऊन बटाट्याचं सूप केलं. तो एका हाताने चमचा धरून जेवला. ब्रेडला लोणी मी लावून दिलं, त्याने खाल्लं नाही.

९ जानेवारी

पुरे. नातू भेटेल तेव्हा भेटेल. लाल चिकटपट्टी घेतली आणि प्लगच्या सांध्यावर घट्ट सात वेढे दिले. माझ्याच हाताला मोह होऊ नये म्हणून. ऑरिन खिडकीत उभा होता. "काय करतेस?" म्हणाला. "वाऱ्याने निघू नये म्हणून," म्हटलं. "शहाणी झालीस," म्हणाला.

१७ जानेवारी

शून्याखाली एकतीस. नळ सुका! मी हात लावला नव्हता. शपथ कुणाची घेऊ, या वहीचीच घेते — मी हात लावला नव्हता.

बाहेर जाऊन पाहिलं तर प्लग बर्फात पडलेला, लाल पट्टी गायब. "एवढ्या थंडीत डिंक धरत नाही," ऑरिन म्हणाला. मग बँडेजचा हात वर केला. "मला जमायचं नाही. तू जा."

गेले. पाठीखाली बर्फ, तोंडावर लोखंड. ड्रायरचा वारा मनगटाच्या पुढे गरम लागेना. तीन तास. हातमोजा भिजला तसा मीही खालून ठोकलं. वर त्याची खुर्ची करकरली, पण उठला नाही. थोड्या वेळाने बुटाने जमिनीवर टकटक केलं आणि ओरडला, "कसं काय थोरा? पाठीला गारवा लागतोय का?"

नेहमीचाच खवचटपणा. रडू आलं तर पापण्या चिकटल्या.

१८ जानेवारी

पाठ धरलीय, उठता येत नाही. ऑरिनने टेबलावर चावी ठेवली. "तीन झाल्या. शब्द म्हणजे शब्द." डेलमारसमोर मान खाली घालून म्हणाला, "यंदा माझंच लक्ष नव्हतं." मला लाज वाटली. एवढा मोठेपणा याच्यात असेल असं वाटलं नव्हतं.

२ फेब्रुवारी, सिग्नेकडे

ऊन. अंगणात नातू आजोबांची बोटं मोजतो आणि आठवर अडतो. दोघं हसतात.

आता जाड कोट लागणार नाही, म्हणून ऑरिनचा धुवायला काढला. आतल्या खिशात लाल पट्टी सापडली. सातही वेढे एकमेकांना चिकटलेले, मधून सुरीने कापलेली — वाकडीतिकडी, एका हाताने कापल्यासारखी.

पट्टी हातात होती तेवढ्यात तो आत आला. विचारलं, "पाठ दुखते का गं अजून?"

रोज विचारतो. मला वाटायचं, काळजीने.