सगळं ठीक असल्याचा दिवा

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकट्या,

तू आणि तुझी घरची मंडळी खुशाल असाल. आम्हीही तशा बऱ्या आहोत. फोन हाताशी असताना ताईला पत्राचं काय खूळ लागलं, असं म्हणशील. पण फोनवर तू कायम 'मीटिंगमध्ये' असतोस, आणि इकडे आई आता माझ्याच बाहेरच्या खोलीत झोपते. गुडघे गेले, नजर मंदावली, पण कान अजून तिखट आहेत. मला जे लिहायचंय ते इतक्यात तिच्या कानावर जायला नको.

आधी तिची खबर. खुब्याचं हाड जुळतंय, असं डॉक्टर म्हणाले. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते आणि समोरच्या इमारतीतल्या स्वतःच्या बंद खोल्यांकडे बघत उभी राहते. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, तिच्याशी रोज भांडण. परवा तिला म्हणाली, "मला रडवायचा पगार मिळतो का गं तुला?" ती मुलगीही बिलंदर. म्हणाली, "हो आजी, तुमच्यासाठी जादा भत्ता आहे." दोघी खूप हसल्या. तेव्हा जीभ शाबूत आहे, काळजी नसावी. जेवण मात्र चिमणीएवढं.

दुसरी बातमी माझी. मी शिकायला जाते. वाचनालयात दर शनिवारी मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे इवल्याशा कॉम्प्युटरला कामं सांगायचा, वर्ग असतो. सगळी कॉलेजातली मुलं. पहिल्या दिवशी मला कुणाची तरी आई समजून त्यांनी मागे खुर्ची दिली. "मी शिकायला आलेय," म्हटल्यावर खुर्ची पुढे आली. पन्नाशीत हे काय, असं तुला वाटेल. पण आई पडली तेव्हा दवाखान्याबाहेर तूच मला म्हणालास ना, "दिव्याची वायर सुटली असेल ताई, अशा वस्तूंचं होतं तसं." म्हटलं, पुन्हा सुटली तर तुझी वाट बघत बसण्यापेक्षा आपल्यालाच जोडता यावी.

तो दिवा तू बसवलास तो दिवस आठवतो का रे? आईला एकटं राहायचं होतं, मला तिला एकटं ठेवायचं नव्हतं, आणि आमचे इंजिनिअरसाहेब मध्ये पडले. माझ्या शेगडीच्या वर पांढरी डबी, तिच्यात इवलासा लाल दिवा. आईच्या बाथरूममध्ये एक दोरी. "ताई, दिवा सावकाश लुकलुकतोय तोवर सगळं ठीक. आईने दोरी ओढली की तो भराभर लुकलुकायला लागेल, मग धावायचं." मी म्हटलं, एकदा ओढून बघू या. तू म्हणालास, "मी बघितलंय सगळं. उगाच ओढत बसू नका, बॅटरी उतरते." आईने त्या दिवशी येईल त्याला ती दोरी दाखवली. माझ्या लेकाने केलीय, म्हणून. तुला गाडी गाठायची होती, तू घाईत निघालास.

तर वर्गात पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला एक बोर्ड दिला, पत्त्याच्या पानाहून लहान. केबलने कॉम्प्युटरला जोडायचा आणि त्याच्यावरचा दिवा लुकलुकवायचा. प्रोग्रॅम म्हणजे चार ओळींचा हुकूम: दिवा लाव, सेकंदभर थांब, दिवा विझव, सेकंदभर थांब. मग पुन्हा पहिल्यापासून, वीज जाईपर्यंत. माझा हुकूम आधी बोर्डावर चढेचना. कॉम्प्युटरवर मी भलतीच जोडणी निवडली होती. शेजारच्या मुलीने बरोबर करून दिली आणि लागला की रे दिवा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की मी पण वाजवल्या.

आणि मग मी त्याच्याकडे बघत राहिले. भाजी चिरताना, दूध उतू जाऊ नये म्हणून उभं असताना, दीड वर्ष मी ज्याच्याकडे बघत आले, त्याचीच ही चाल. लागतो, थांबतो, विझतो, थांबतो. मी सरांना विचारलं, "सर, हा दिवा आपल्याला काय सांगतो?" ते म्हणाले, "काय सांगणार? बोर्ड चालू आहे, एवढंच. हा सगळ्यांचाच पहिला धडा." मी म्हटलं, "आणि समोरच्या इमारतीत कुणी दोरी ओढली तर?" ते हसले. "त्याला कसं कळणार बाई? ते कळायला काहीतरी जोडावं लागतं, तसं लिहावं लागतं."

पुढच्या शनिवारी मी डबी घेऊन गेले. सरांनी झाकण काढलं. आत बोर्ड, दिवा आणि विजेची वायर. बस्स. त्यांना वाटलं, मीच केलीय. म्हणाले, "डबी छान केलीत हो." घरी न जाता मी सरळ आईच्या खोल्यांमध्ये गेले आणि दोरीच्या वरची पेटी उघडली. आत बटण होतं. दोरी ओढली की टक् आवाज यायचा तो त्याचाच. पण त्याच्या मागच्या दोन्ही टोकांना वायर म्हणून नव्हती. म्हणजे सुटली नव्हती, तू लावलीच नव्हतीस.

हे कसं झालं ते मला कळतं. दोन घरं जोडणारा भाग आला नसेल, सुट्टी संपली असेल, आई सगळ्यांपुढे कौतुक करत सुटली असेल, आणि तुला वाटलं असेल, पुढच्या खेपेला करू. वेळ मारून नेण्यात तू लहानपणापासून पटाईत. पण नंतर तू दोनदा येऊन गेलास की रे. माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवलास. त्या दिव्याकडे बघून मलाच विचारलंस, "चालतोय ना छान?" तेव्हा घास कसा उतरला तुझ्या घशाखाली?

आई पडली त्या सकाळी मी दिवा बघितला होता. सावकाश लुकलुकत होता. मी दुसरा कप चहा ओतून घेतला. समोर ती फरशीवर पडून दोरी ओढत होती, आणि ओरडली नाही. तिच्या शेजारपाजारच्यांनी एका हाकेत दार मोडलं असतं, पण तिने हाक मारलीच नाही. नळाचं पाणी दाराखालून जिन्यात आलं तेव्हा खालच्या बाई वर धावल्या. मी तिचे कपडे न्यायला दवाखान्यातून घरी आले, तर दिवा आपला लुकलुकतोय. सगळं ठीक.

दवाखान्यात तू तिच्या उशाशी संत्रं सोलत होतास. ती म्हणाली, "हाका कशाला मारू? दोरी ओढली होती. म्हटलं, ताई बघेल, येईल. पण ती काही आली नाही." तुझा हात थांबलेला मी बघितला. मला वाटलं, तुला तिच्या दुखण्याचं वाईट वाटतंय. मग तू म्हणालास, "जाऊ दे गं आई. ताईला पण किती कामं असतात."

माझी बाजू घेतलीस, धाकट्या! मला तेव्हा ते गोड वाटलं होतं. सुटलेल्या वायरचं मीही तिला सांगितलं नाही, तिला तुझ्या दोरीचं एवढं कौतुक म्हणून. आता आठवलं की अंगाची लाही होते. खोटी दोरी बांधलीस ते एक वेळ मी पोटात घातलं असतं. पण स्वतःचं पाप माझ्या पदरात टाकून वर मलाच सांभाळून घेतलंस, याला केसाने गळा कापणं म्हणतात.

आता इकडे काय चाललंय ते ऐक. मी वर्गात पुढचे धडे शिकले आणि आईच्या पलंगाला खरं बटण लावलं. तिच्यादेखत दाबून दाखवलं, माझ्या खोलीतला दिवा पेटलेला दाखवला. तिने मान डोलावली. मग म्हणाली, "दिवा दिसेल गं तुला. पण येशील का?" आणि उशाशी एक ताट आणि चमचा ठेवून घेतला, वाजवायला. तिचा दिव्यावर अजून विश्वास आहे. माझ्यावरचा उडालाय.

काल संध्याकाळी तिची वेणी घालत होते. तोंड पलीकडे होतं म्हणूनच विचारलं असेल. "मी पडले तेव्हा तू काय करत होतीस गं?"

सगळं ओठांवर आलं होतं. पण तुझा फोन आला की तिचा चेहरा कसा फुलतो ते मी रोज बघते. मी म्हटलं, "डोळा लागला होता." तिने हात मागे आणून माझा हात थोपटला. "असू दे. दमतेस तू," म्हणाली.

माझ्या आईने मला माफ केलं. जे मी केलंच नाही त्याबद्दल. ती माफी तुझी आहे, ती घेऊन मला तिच्यासमोर वावरता येत नाही. पुढच्या रविवारी ये. एकटा ये. तिच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग. मी आत असेन, मध्ये बोलणार नाही. नाही आलास तर सोमवारी मी सांगेन. एकदा तुझ्यासाठी खोटं बोलले, दुसऱ्यांदा जमणार नाही.

आई आत्ताच बाहेरून विचारत होती, कुणाला लिहितेस म्हणून. तुला, असं सांगितलं. तिने तुला अनेक आशीर्वाद सांगितले आहेत, ते जसेच्या तसे कळवते.

माझे मागू नकोस.

ताई