आधी दर्याला

बंगळूर, १४ नोव्हेंबर १९९४

आये,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी बरी हाय, जेवण वेळेवर होतं. धाकट्या नीलेशचा खोकला थांबला का?

काल ऑफिसातल्या मुली मला एका मोठ्या हॉटेलात घेऊन गेल्या. रविवारी तिथे न्याहारी आणि जेवण एकदमच देतात, त्याला ब्रंच म्हणतात. सोबत जॅझचा बँड असतो. मासळी होती, पण आपल्या पनवेलच्या खाडीतल्या बोयटांची चव नाय.

बँडमध्ये एक म्हातारा ट्रंपेटवाला होता. सुरुवातीलाच तो उठला, लोकांकडे पाठ करून खिडकीकडे वळला आणि एक लांब सूर लावला. खिडकीबाहेर नुसत्या गाड्या उभ्या होत्या.

कोळीवाड्यात हळदीला बाबा अशीच मांडवाकडे पाठ करून ट्रंपेटचा पहिला सूर खाडीकडे सोडायचे. "आदी दर्याला, मंग नवऱ्याला," म्हणायचे. दुसऱ्या कुणाला असं करताना मी पाहिलं नाही.

माझ्या हातातला काटा खाली पडला. त्याने वळून पाहिलं. पुढचं गाणं त्याच्याशिवायच झालं. ट्रंपेट खुर्चीवर तसंच होतं.

मला भास झाला असेल. तू काळजी करू नकोस.

पण आये, सात वर्षांपूर्वी होडी रिकामी आली, बाबा सापडले नाहीत, म्हणून आपण दर्भाचा पुतळा जाळला. सगळा कोळीवाडा रडला. एक तूच तेवढी नाय रडलीस.

हे पत्र नीलेशला दाखवू नकोस. मला एवढंच कळव, तुला तेव्हाच ठाऊक होतं काय?

तुझीच लेक,
संजना