सदतीस ग्रॅम

प्रिय ताई,

आज दुपारी तुझ्या स्वयंपाकघरातला वजनकाटा मुग्धाला द्यायचा म्हणून उचलला, तर त्याच्याखाली तुझी चौकटीची वही निघाली. म्हणून लिहितोय. तू जाऊन चोवीस दिवस झाले आणि एवढ्या दिवसांत मी कोणाशी धड बोललेलो नाही. वहीत काय आहे ते तुला माहीतच आहे. पण त्याआधी मी जे माझ्या तोंडाने सांगायला हवं होतं, ते सांगतो. आता सांगून काय उपयोग, हे मलाही कळतं. तरी ऐक.

तुझ्या रॉकेटचं वजन मी तुला खोटं सांगितलं.

सहासष्ट वर्षांचा घोडा, आणि अजून बहिणीला थापा मारतो!

मुग्धाने अमेरिकेहून येताना तो पुठ्ठ्याच्या रॉकेटचा संच आणला, तेव्हा तू केवढी हरखली होतीस! अख्खी नोकरी कोथरूडच्या शाळेत फळ्यावर रॉकेट काढण्यात गेली तुझी. क्रिया, प्रतिक्रिया, वर बाण, खाली बाण. आणि जवळून एकही उडताना पाहिलेलं नाही. "एक उडालेलं बघते, मग मी मोकळी," म्हणालीस. डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. मुग्धा किती चिडली होती, "आत्या, असलं काही बोलायचं नाही" म्हणून!

संच होता बोटाएवढ्या मोटरचा. मोटर म्हणजे इंधन ठासून भरलेलं नळकांडं, आणि ते विमानातून कोण आणू देतंय? इथे मुग्धाच्या ओळखीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडे परवानगीच्या मोटरी होत्या, पण चांगल्या जाड. तू दोन मिनिटांत निकाल लावलास. "मोटर बारीक होत नाही ना? मग रॉकेट रुंद करू." हिशेब तुझा, हात माझे.

मी आतली बारीक नळी खरवडून काढली, जाड नळी घातली, ती मधोमध बसावी म्हणून प्लायच्या कड्या कापल्या. तू कागदावर तीन मिलीमीटरचा प्लाय लिहून दिला होतास. मी सहाचा लावला. वर इपॉक्सीचा गोंद ओतला, वाळल्यावर पुन्हा ओतला. कारखान्याच्या टूलरूममधला माणूस ना मी! माझ्या हातचं काम कधी मोडून परत आलं नाही, हा माझा माज. तू बजावलं होतंस, "अरे, आपल्याला उड्डाणपूल बांधायचा नाहीये. शेपूट जड झालं तर ते हवेत उलटं फिरेल."

"मागच्या भागाचं किती भरलं रे?" तू फोनवर विचारलंस. माझ्यासमोर काट्यावर एकशे सत्तेचाळीस होतं. मी म्हणालो, "एकशे दहा."

का म्हणालो? तू "सांगितलं होतं ना" म्हणशील, या भीतीने. एवढंच गं. दुसरं काही कारण नाही, शोधून बघितलं.

तू त्या एकशे दहावर हिशेब मांडलास. तोल साधायला सायकलच्या दुकानातले पोलादी छर्रे मोजून रॉकेटच्या नाकात भरलेस आणि नाक स्वतः चिकटवून बंद केलंस. मी बाकीचं रॉकेट घेऊन तुझ्याकडे आलो, नाक बसवलं. तू मला औषधं आणायला खाली पाठवलंस. चहा पिऊन मी ते वारज्याला घरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो. मोटरच्या वजनाचा ठोकळा आत घातला, तोलाच्या जागी दोरी बांधली आणि रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवलं. नाक पुढे राहिलं तर पास, ही तूच शिकवलेली परीक्षा. शेपूट पुढे! तीनदा फिरवलं, तीनदा शेपूट पुढे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कपडे वाळत घालत होते. म्हणाले, "चालू द्या. सुटलं तर फक्त डावीकडे सुटू दे, उजवीकडे माझी गाडी आहे."

नाक फोडून आणखी छर्रे भरायचे, दहा मिनिटांचं काम. पण नाक तू बंद केलेलं. फोडायचं तर तुला सांगावं लागणार. म्हणून मी गुपचूप शेपूटच हलकं करायला घेतलं. दोनदा ओतलेलं इपॉक्सी निघतंय होय! कानस घेऊन बसायचो रोज, काटा एकशे सत्तेचाळीसवरून ग्रॅमभरही हलेना. माझंच मजबूत काम माझ्याच मुळावर आलं.

ती इंजिनिअरिंगची मुलं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माळावर रॉकेटं उडवायला जायची. पहिल्या रविवारी मी तुला म्हणालो, गोंद ओला आहे. दुसऱ्या वेळी माझी पाठ धरली. तिसऱ्या वेळी तू सकाळीच तयार होऊन, टोपी घालून, थर्मास घेऊन तुझ्या सोसायटीच्या बाकावर येऊन बसली होतीस. मी फोन केला. "ताई, आज वारा फार आहे गं."

"असं होय? इथे तर पान हलत नाहीये," तू म्हणालीस.

"माळावर असतो," मी म्हणालो.

"बरं."

बुधवारी तू गेलीस.

तेराव्याला जो येईल त्याला मी सांगत होतो, "वाऱ्यामुळे राहून गेलं हो." सगळे हळहळत होते. मला कोणी चपलेने का मारलं नाही?

आता वही. तुझं ते सरळ, फळ्यावरचं अक्षर. 'अरुणने सांगितलेले ११०. काट्यावर १४७. नाकात आणखी छर्रे: डबीत काढून ठेवले आहेत.' आणि खाली, 'त्याने सांगितले की लगेच भरायचे.' तारीख पहिल्या रविवारच्या आधीची. डबी ओट्यावरच्या फळीवर होती, हळदीच्या मागे.

म्हणजे मला औषधांना पिटाळून तू मागचा भाग काट्यावर ठेवलास. सातवीत माझा निकाल मी गादीखाली लपवला, तेव्हा आठवडाभर तू त्याच गादीवर बसून माझा अभ्यास घेत होतीस. मी रडत सांगितलं तेव्हा म्हणालीस, "बरं झालं सांगितलंस. चल, गणित काढ." एक शब्द रागाचा नाही. हे मला आठवायला नको होतं का?

पण तू तरी का गप्प बसलीस गं? कसली ही शिस्त! सातवीत ठीक होतं, तेव्हा आपल्याकडे वेळ होता. या वेळी नाही, हे माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक होतं. एकदा कान धरायचास माझा! "अरुण, गाढवा, नाक फोड" म्हणायचंस. तू बाकावर टोपी घालून वाऱ्याची वाट बघत नव्हतीस, माझी बघत होतीस. हे घेऊन मी आता कुठे जाऊ?

उद्या पहिला रविवार. मुग्धा म्हणते, "बाबा, आत्यासाठी उडवू या." उडालं तरी काय! बघणारी कुठे आहे? मला उडवायची इच्छा नाही, आणि घरात ठेवून ते बघवतही नाही.

तरी कबूल करतो. वही वाचून रॉकेट इथे घेऊन आलोय; आत्ता हे पत्र संपवून तुझ्या ओट्यावर नाक फोडतो आणि डबीतले छर्रे भरतो, तुझ्या हिशेबाने, एकही कमीजास्त नाही. उडवण्याआधी मुलं प्रत्येक भागाचं वजन विचारून फॉर्मवर लिहून घेतात. शेजारी मुग्धा उभी असेल, वाऱ्याची गोष्ट खरी मानणारी. मला विचारतील, "काका, मागचा भाग?"

एकशे सत्तेचाळीस सांगेन, ताई. पहिल्या खेपेला.

तुला उशिरा सांगणारा,
अरुण