रिकाम्या खुर्चीची पहिली निवड

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या टेबलावर, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी स्मृती शाबूत आहे. थोडी कमी शाबूत असती तर मला सुखाने जगता आलं असतं, पण ते पुढे येईलच. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. मी आयुष्यभर आकडे बघून माणसं निवडली, त्यामुळे उरलेल्या तिघांचा विचार मला सुटत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे सापडलंच तर ते रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते सगळं माझ्या मुलीला. जिन्याची तिसरी पायरी हलते. तिचे वडील वीस वर्षं म्हणत होते, "उद्या बसवतो." ती आता तिने बसवावी.

कलम दोन. खालचं बांधणीचं दुकान, लोखंडी शिकंजा, कातऱ्या, खळीची भांडी आणि घडी दाबायची माझी हाडाची पट्टी हे सगळं माझ्या कारागीर बाईला. बावीस वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि एकदाही पान उलटं शिवलं नाही. कागदाच्या व्यापाऱ्याला काहीही नाही. सन्मानपूर्वक काहीही नाही. दमट कागद कोरडा म्हणून गळ्यात मारणाऱ्याचं नाव मृत्युपत्रात आलं हेच त्याला पुष्कळ झालं.

कलम तीन. पुठ्ठा लीगमधली माझी जागाही कारागीर बाईलाच. मुलीला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि तिला त्याचं सुखही आहे.

सर्जन किंवा वकील हे वाचतील तर त्यांच्यासाठी सांगते. आम्ही आठ जण दर ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दुकानावरच्या खोलीत बसतो आणि पाळीपाळीने खरे फुटबॉलपटू आपापल्या संघात घेतो. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत पहिला. पंधरा फेऱ्या. मग वर्षभर ते खेळाडू मैदानावर जे दिवे लावतील त्याचे गुण आम्हाला, आणि दर आठवड्याला आमचे संघ एकमेकांशी भिडतात. नव्वद सेकंदांत नाव सांगायचं, नाहीतर अ‍ॅप स्वतःच कोणाला तरी घेतं. ज्याला येता येत नाही त्याने पंधरा नावांची यादी शेजारच्याकडे द्यायची. शेजारच्याने ती जशीच्या तशी वाचायची आणि वाचून झाली की माझ्या नणंदेकडे जमा करायची. माझी नणंद छापखान्यात मुद्रितशोधक होती. तिच्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नाही, माणूस कुठून सुटणार.

कलम चार. निवड संपली की प्रत्येक संघाला दहापैकी गुण द्यायचे आणि शेरा वहीत लिहून सर्वांसमोर वाचायचा, हे काम माझं. त्या एकोणीस वह्या मीच बांधल्या आहेत. अकरा वर्षांपूर्वीची, म्हणजे त्या एका वर्षाची वही सोडून, बाकीच्या अठरा लीगला. माझे शेवटचे शेरे असे:

दातांचे डॉक्टर दरवर्षी पहिल्या चार फेऱ्यांत चार बचावपटू घेतात. घर नाही, दार नाही, आणि कुंपण आधी. कोणाच्याही दुखण्याची बातमी आली की ते आपला खेळाडू आठवडाभर बसवतात, आणि पेशंटची दाढ मात्र लगेच उपटतात. सहा गुण.

शिंपी गेल्या वर्षीच्या गुणांवर निवडतो. माप जुनं, अंग नवीन. त्याला हे मी वीस वेळा सांगितलं. पाच गुण, त्यातला एक चहा आणतो म्हणून.

पोस्टमन ज्याचं नाव उच्चारता येत नाही तो खेळाडू घेत नाही. तरी तो दोनदा जिंकला. त्याच्यासमोर माझी सगळी विद्या फिकी पडते, म्हणून त्याला मी गुणच देत नाही.

नणंदेचा शेरा मी अकरा वर्षं लिहिते, पण वाचत नाही. तिच्या नावापुढे नुसता आकडा वाचते, कारण आम्ही बोलत नाही. म्हणजे बोलतो, डॉक्टरांमार्फत. "डॉक्टर, त्यांना सांगा, त्यांची वेळ सुरू झाली." "डॉक्टर, त्यांना म्हणावं, घड्याळ मलाही दिसतं." मध्ये बिचाऱ्या डॉक्टरांची मान दुखून येते. तिचे गुण दर वर्षी नऊ. ती निवडते तसं मला कधी जमलं नाही.

कलम पाच. पुठ्ठा चषक. पुठ्ठ्याचा आहे, वर लाल कापड, मीच केला. त्याच्या तळाशी माझं नाव तीन वेळा आहे. मधलं खोडावं. खोडण्यासाठी पट्टीच्या शेजारी पातं ठेवलं आहे.

कलम सहा. हे कलम मी चार वेळा लिहून फाडलं.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी माझे पती दवाखान्यात होते. साध्या तपासण्या, दोन दिवस, असं सांगितलं होतं. लीगमध्ये त्यांची खुर्ची माझ्या उजवीकडे, म्हणून यादी माझ्याकडे आली. दुकानाच्या ऑर्डरच्या कागदावर पेन्सिलीने पंधरा नावं. त्यांची पाळी चौथी, माझी पाचवी. पहिलं नाव एका डावखुऱ्या पोराचं होतं, ज्याला तेव्हा त्याच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हतं. मी त्याला अख्खा महिना हेरून ठेवला होता. कोणाला बोलले नव्हते. जेवताना, झोपताना, खळ कालवताना माझ्या डोक्यात तोच. आणि ह्यांच्या यादीत तो पहिला.

दुकानाच्या लॅपटॉपवर त्यांचं खातं उघडं होतं. मी पहिलं सोडून दुसरं नाव वाचलं आणि त्याच नावावर बोट दाबलं. मग माझी पाळी आली आणि मी डावखुरा घेतला. माझं बोट थरथरलंसुद्धा नाही. हे मुद्दाम लिहिते.

आणि तेवढ्यावर थांबले नाही. वहीत त्यांच्या संघापुढे शेरा लिहिला, "पहिली निवड भित्री. चार गुण." आणि तो मोठ्याने वाचला.

नणंद म्हणाली, "दादा असा निवडत नाही. वहिनी, यादी बघू."

मी म्हटलं, "फेकली."

"कुठे फेकली?"

"तू काय आता केराची टोपली तपासणार?"

"तो नेमका तुझ्याच पदरात पडला म्हणून विचारते."

"विचारतेस की आरोप करतेस?"

त्यानंतर आम्ही डॉक्टरांमार्फत बोलायला लागलो.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. ह्यांनी पहिलंच विचारलं, "काय गं, पहिला मिळाला?"

"नाही," मी म्हटलं, "आधीच कोणीतरी नेला."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "असू दे. दुसराही काही वाईट नाही."

बुधवारी ते गेले. साध्या तपासण्या होत्या. शनिवारी डावखुऱ्याने पहिल्या सामन्यात दोन गोल केले, आणि मे महिन्यात मी चषक जिंकले. माझ्या नावासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नणंद टाळ्या वाजवत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला अकरा वर्षं खवखवतंय.

कलम सात. रिकामी खुर्ची. लीगने ठरवलं की ह्यांचा संघ काढायचा नाही. चांगल्या मनाने ठरवलं, मी कोणत्या तोंडाने नको म्हणणार होते? दर वर्षी त्यांची पाळी आली की भिंतीवरच्या पडद्यावर त्यांच्या संघाचं नाव उमटतं आणि नव्वद सेकंद उलटे मोजले जातात. आम्ही सात जण पडद्यावरचे आकडे बघतो. खुर्चीकडे कोणी बघत नाही. आकडा शून्यावर येतो आणि अ‍ॅप त्यांच्यासाठी खेळाडू घेतं. दर वर्षी पहिला तोच, डावखुरा.

कारण मला माहीत आहे. त्यात भुताटकी काही नाही. दवाखान्यातून त्यांच्या वस्तू घरी आल्या तेव्हा मी त्यांचा फोन उघडला. अ‍ॅपमध्ये आवडत्या खेळाडूपुढे तारा लावता येतो. एकाच नावापुढे तारा होता. मालक हजर नसला की अ‍ॅप ताऱ्याचं ऐकतं. तो काढायला एक बोट पुरलं असतं. यादीवर चाललेलं माझं बोट ताऱ्यापर्यंत कधी गेलं नाही.

त्यांचा संघ कोणी चालवत नाही. जखमी माणसं तशीच मैदानात, कोणी बदलत नाही. मी दर आठवड्याला तीन तास आकडेमोड करते. वर्षातून दोनदा माझी गाठ त्यांच्या संघाशी पडते. अकरा वर्षं, बावीस सामने. मी एकोणीस हरले. शिंपी हसून म्हणतो, "काकू, साहेब वरून खेळतायत." सगळे हसतात, मीही हसते. सामन्याच्या आठवड्यात मला अन्न गोड लागत नाही.

गेल्या वर्षी डावखुऱ्याने बूट खुंटीला टांगले. त्याचं नाव अ‍ॅपमधून गेलं. मला वाटलं, सुटले. ऑगस्टमध्ये ह्यांच्या पाळीला पडद्यावरचा आकडा शून्यावर आला, आणि अ‍ॅपने एक गोलरक्षक घेतला. पहिल्या फेरीत गोलरक्षक कोणी शहाणा घेत नाही. तो माझ्या मनात होता, आठव्या फेरीसाठी. कोणाला बोलले नव्हते. खुर्ची माझ्या उजव्या हाताला, एवढ्या जवळ, की मी हात बाजूला घेतला.

कलम सहा, पुढे चालू. यादी मी फेकली नव्हती. चोराला सुद्धा ह्यांचं अक्षर फेकवत नाही. त्या वर्षीच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला खळ लावून मी ती त्यावर चिकटवली, नावांची बाजू वर, आणि त्यावर अस्तराचा कागद लावला. माझ्या हातचं अस्तर सुटत नाही. ती नणंदेला द्यायची, म्हणून परवा मी ओलं फडकं ठेवून, पाऊण तास थांबून, अस्तर सोडवलं. मग यादी पुठ्ठ्यापासून सोडवली. पेन्सिल पाण्याने पसरत नाही. मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं, नणंदेला, तिच्या घरच्या नावाने. मी तेव्हा कागद उलटून बघितलाच नव्हता. लिहिलेलं असं:

"चिमे, वहिनी पहिलं नाव वाचणार नाही. तो तिला हवाय, महिनाभर बघतोय मी. तू भांडू नकोस. तिच्याकडे मी नंतर बघतो."

यादी वाचून झाली की नणंदेकडे जमा होते, हा नियम ह्यांनीच केला होता. म्हणजे हा निरोप त्याच दुपारी तिच्या हातात पडायचा होता. ती वाचून हसली असती. मला एक टपली मारली असती. माझी चोरी घरातल्या घरात जिरली असती, आणि आम्हा दोघींना एकत्र रडायला मिळालं असतं. मी यादी दाबून ठेवली आणि त्याचबरोबर तिच्या भावाचं तिच्यासाठीचं शेवटचं वाक्यही दाबलं. मला चोरीपेक्षा हे जास्त लागलं आहे. आणि "नंतर बघतो" हे शब्द मी परवापासून मोठ्याने वाचलेले नाहीत.

ती यादी आणि ती वही मी माझ्या नणंदेला देते. माझ्या मृत्यूनंतर दातांच्या डॉक्टरांनी ती तिच्या हातात ठेवावी. मागची बाजू आधी वाचावी.

कलम आठ. येत्या रविवारी निवड आहे आणि मी दवाखान्यात असेन, किंवा नसेन. एकोणीस वर्षांत प्रथमच मलाही यादी द्यावी लागणार. यादी शेजारचा वाचतो, आणि माझ्या डावीकडे नुसती भिंत आहे. माझ्या उजवीकडे रिकामी खुर्ची, आणि तिच्या पलीकडे नणंद. यादी लिहायला बसले तर पहिल्या नावाशीच हात अडला. माझं नाव कोणी बदललं तर? मी दवाखान्यातून विचारलं, "पहिला मिळाला का," आणि समोरचा खोटं बोलला तर? त्या खाटेवरून ते मला कशी दिसले असेन, ते मला काल पेन्सिल हातात धरल्यावर कळलं.

दुरुस्ती. वकिलांनी फोनवर सांगितलं की दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. एक सही औषधांच्या दुकानदाराची आहे. दुसरी कोणाचीही चालेल. रस्त्यावरचा कोणीही माणूस चालला असता, हे मी कबूल करते. या आठवड्यात मी दोन गल्ल्या ओलांडून तीनदा तिच्या दारापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. मला निमित्त हवं होतं, वकिलांनी ते दिलं. म्हणून कलम सहामधलं देणं मी रद्द करते. या मृत्युपत्रातून माझ्या नणंदेला काहीही मिळत नाही. ती यादी, ती वही आणि माझी स्वतःची यादी मी आज, जिवंतपणी, स्वतःच्या हाताने तिच्या हातात देणार आहे, आणि तिने हा कागद वाचून सही करेपर्यंत तिच्या दारात उभी राहणार आहे.

ठिकाण: नणंदेचं दार, बाहेरच्या बाजूने
तारीख: ३ ऑगस्ट, रविवार, सकाळ
सही: (पुस्तकबांधणीवाली)

साक्षीदार पहिला: (औषधांचा दुकानदार). सहीखेरीज मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार दुसरी: (मुद्रितशोधक, निवृत्त). मजकूर दोनदा वाचला. सही माझ्यासमोर, आत बसवून, पाणी देऊन केली. ठिकाण चुकीचं लिहिलं आहे. कलम आठमध्ये "ते मला कशी" नव्हे, "त्यांना मी कशी" असं हवं. दादाचं पान माझ्याकडे आहे. वहिनीची यादीही मिळाली. तिचं पहिलं नाव मला पसंत नाही, मी ते बदलणार आहे. भांडायचं असेल तर तिने रविवारनंतर स्वतः चालत येऊन भांडावं.