तेवीस पानांचा व्हिएतनाम

मिल्टन, ऑन्टॅरिओ
१६ ऑगस्ट, रविवार

ती. सौ. जयंतीताईस,

धाकट्या भावाचा मिल्टनहून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण डावा गुडघा नव्वद अंशांच्या पुढे जात नाही, आणि या खेपेला खरं सांगायचं तर उजवाही फारसा उत्सुक नाही.) तुझी शुगर ताब्यात असेल, भाऊजींचं पोट ठिकाणावर आलं असेल आणि क्षितिज-ऊर्मी नवराबायको अजून एकमेकांशी बोलत असतील असं धरून चालतो. धरून चालतो, कारण खुशाली कळायला मला आता दुसरा मार्ग नाही. फॅमिली ग्रुप मी २८ जुलैला सोडला. ते तुमच्यापैकी पहिल्या माणसाच्या लक्षात आलं ६ ऑगस्टला, तेही ऊर्मीच्या वाढदिवसाला कोणी 'हॅपी बर्थडे' टाकलं नाही याची मोजदाद करताना. नऊ दिवस! आमच्या प्लांटमध्ये एखादं मशीन नऊ मिनिटं बंद पडलं तरी तीन माणसं धावत येतात.

मुद्दा एकच आहे, तो आधीच लिहितो, म्हणजे तुला पानं चाळत बसायला नको. तुझ्या साठीनिमित्त तुम्ही अकरा जण व्हिएतनामला सोळा दिवस राहून आलात. त्या अकरांत मी आणि अरुणा नव्हतो. ज्या गाईडच्या जोरावर तुम्ही राहून आलात, त्याची तेवीस पानं मात्र माझी होती.

आता तू म्हणशील, बापू, तुला कोणी बोलावलं होतं? तर सांगतो. ११ मार्च, बुधवार. आमच्याकडे संध्याकाळचे सव्वासहा, तुमच्या लेस्टरमध्ये सव्वादहा. (चारच तासांचा फरक, कारण आमची घड्याळं तीन दिवसांपूर्वी पुढे गेली होती आणि तुमची जायची होती.) मी ग्वेल्फच्या प्लांटमधून घरी येत होतो, फोन गाडीच्या स्पीकरवर होता. तू म्हणालीस, "बापू, साठीला आपण सगळ्यांनी व्हिएतनामला जायचं चाललंय. तुला त्यातलं कळतं, तू जरा बघशील का?" आपण. 'आम्ही' नाही. इंग्रजीत दोघांचं काम एका 'वुई'वर भागतं, त्यामुळे तिकडे कोणाला फरक पडत नसेल. पण मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर उभा राहतो आणि 'आपण' म्हटलं की आत येऊन बसतो. मी आत येऊन बसलो. चपला काढून.

मी व्हिएतनाम पाहिलेला नाही, हे भाऊजींनी ग्रुपवर चार वेळा लिहिलं. मान्य. मोजमापाचं शास्त्रही मी कॉलेजात जाऊन शिकलेलो नाही, पण प्लांटमधला एकही पार्ट माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाही. डिग्री असलेली माणसं माझ्याकडे गेज घेऊन येतात आणि विचारतात, "बापू, इज धिस ओके?" त्याच पद्धतीने मी व्हिएतनाम शिकलो. तुमच्या ब्रिटिश पासपोर्टवर पंचेचाळीस दिवस व्हिसाच लागत नाही, हे मी सांगितलं, नाहीतर भाऊजी (डिग्रीवाले) सुट्टी काढून लंडनच्या वकिलातीत रांग लावायला निघाले होते. (तुमच्या लंडनच्या. आमच्या ऑन्टॅरिओतल्या लंडनला वकिलात नाही, पण त्यांनी तीही शोधून काढली असती.) तुमचे तीन चौकोनी दातांचे प्लग तिथे चालत नाहीत, हेही मीच लिहिलं. आणि पान सात! ब्रिटिश माणूस रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघतो आणि तिथे स्कूटरी येतात डावीकडून. आम्ही भारतातून येताना तीच सवय घेऊन आलो होतो, ती मोडताना इथल्या थॉम्पसन रोडवर माझा जीव दोनदा वाचला आहे. अशी माहिती कुठल्या पुस्तकात मिळत नाही, ताई. ती अनुभवाने मिळते, आणि मी ती तुम्हाला आकृतीसकट दिली.

हे सगळं मी संध्याकाळी जेवणानंतर करत असे. ईशिता वरून जाता-येता म्हणायची, "डॅड, नोबडी आस्क्ड यू टू राइट अ थीसिस." मी मनात म्हणायचो, बाळा, तुझ्या आत्याने विचारलंय. आम्हा कॅनेडियन पासपोर्टवाल्यांना मात्र तिथे व्हिसा लागतो, तो मी माझा आणि अरुणाचा काढूनही ठेवला, १ जुलै ते २८ सप्टेंबर, नव्वद दिवसांचा. अरुणाला बोललो नव्हतो. पाकिटात घालून द्यायचा बेत होता.

मग मे महिन्यात मी तुला खोल्यांची वाटणी पाठवली. तेरा माणसं, सात खोल्या. तुझं उत्तर आलं, "बापू, अकरा रे! दोन जास्त कुठून धरलीस?" पुढे एक हसरा चेहरा. ताई, माझ्या आयुष्यात मी मोजण्यात चुकलेलो नाही. मी चार मिनिटांत अकरा माणसं, सहा खोल्या अशी नवी वाटणी पाठवली आणि खाली लिहिलं, 'चूक दुरुस्त केली आहे.' विचारलं का नाही म्हणशील. कोणी विचारून पंगतीत बसतं का?

तरीही मी काम अर्धवट टाकलं नाही. उलट शेवटची सहा पानं, म्हणजे भाषेची, जास्त मेहनतीने लिहिली. प्लांटमध्ये एक व्हिएतनामी बाई आहेत, त्यांच्याकडून सहा आठवडे लंच ब्रेकमध्ये शिकलो. (त्या मला बघून हसायच्या, पण शिकवताना हसणं निराळं आणि ग्रुपवर हसणं निराळं.) त्यांच्या भाषेत शाकाहारीला म्हणतात 'चाय'. तुम्हा अकरांत सात शाकाहारी, म्हणजे आपल्या माणसाला याहून सोपा शब्द कुठला मिळणार? फक्त तो सपाट म्हणायचा, रेल्वेची अनाउन्समेंट करणारी बाई म्हणते तसा. सूर खाली उतरला तर त्याचा अर्थ होतो बत्ता, खलबत्त्यातला. आणि सूर वर चढला तर अर्थ होतो आग. हे मी तळटीपेत स्वच्छ लिहिलं होतं. अक्षर लहान होतं, कबूल. पण भाऊजी चष्मा लावतात.

होई आन गावातल्या त्या माडीवरच्या खानावळीत काय झालं ते मी तुमच्याच सातजणांच्या सात तऱ्हांनी ऐकलं आहे, त्यातलं जुळतं तेवढंच लिहितो. सूप आलं. ते शाकाहारी आहे की नाही हे भाऊजींना विचारायचं होतं. वाढणारी बाई लांब होती. भाऊजी उठून उभे राहिले, वाडग्याकडे बोट केलं आणि विचारलं, "चाय?" आता विचारताना कुठल्याही सुसंस्कृत माणसाचा सूर वर जातो, इंग्लंडमध्ये तीस वर्षं काढलेल्याचा तर जरा जास्तच. बाईने पाहिलं, एक मोठा माणूस उभा राहून बोट दाखवतोय आणि 'आग' म्हणतोय. तिला ऐकू गेलं नाही असं वाटून भाऊजींनी आवाज वाढवला आणि पुन्हा दोनदा विचारलं. स्वयंपाकघरातला गॅस बंद झाला, माडीवरची चार टेबलं जिन्याने खाली गेली, कोणीतरी पाण्याची बादली आणली आणि ती, समोर दुसरी वाफ दिसेना म्हणून, तुमच्या सुपावर ओतली. सूप शाकाहारी होतं का, हे अजून कोणाला माहीत नाही.

आणि खापर कोणावर? "बापूच्या गाईडने आज आम्हाला जाळलं असतं," भाऊजी, १७ जुलै. त्याखाली चौतीस हसरे चेहरे, त्यातला एक तुझा. मी तळटीपेचा फोटो टाकला. त्यावर क्षितिजने लिहिलं, "मामा, चिल." तेव्हापासून ग्रुपवर जो उठतो तो 'चाय?' लिहितो. हे अकरा दिवस सोसलं, बाराव्या दिवशी ग्रुप सोडला. चौतीसांचं मला काही नाही, ताई. तेहतीस असते तर मी आजही ग्रुपवर असतो.

थांबतो. प्रकृतीला जप, आणि मला यापुढे कुठल्याही देशाबद्दल काही विचारू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
बापू

ता. क. १ : गाईडच्या पान १९ वर 'आभार' या शब्दाचा उच्चार 'काम अन' असा छापला गेला आहे, तो 'काम उन' याच्या जवळचा हवा. तुम्ही सोळा दिवस चुकीचे आभार मानत फिरलात. ही चूक माझी आहे.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी पत्र अरुणाला दाखवलं. (लेस्टरचा पोस्टकोड तपासायला. बाकीचं वाच असं मी म्हटलं नव्हतं.) तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि म्हणाली, "अहो, ताईंनी बोलावलं होतं की आपल्याला. फेब्रुवारीतच. पहिला फोन मलाच आला होता." मग? "मग काय, मी सांगितलं यांना सुट्टी नाही, आणि त्यांच्यापाशी विषय काढू नका, मनाला लावून घेतात. ताईंना इतकं वाईट वाटलं, म्हणाल्या, प्लॅनिंग तरी त्यालाच सांगते, बरं वाटेल त्याला." माझी एकतीस दिवस सुट्टी शिल्लक आहे. तिला ते माहीत आहे. कारण विचारलं तर भेंडी चिरता चिरता म्हणाली, "सोळा दिवस एका खोलीत तुमच्या सूचना ऐकायच्या? इथे मला बेसमेंट तरी आहे."

ता. क. ३ : पत्र फाडायला हवं हे मला कळतं. पण सहा पानांत एकही खाडाखोड नाही, असं पत्र माझ्याकडून पुन्हा होणार नाही. तेव्हा तसंच पाठवतो, तू आधी ता. क. वाच. (ते शेवटी आहेत, म्हणजे आता उशीर झाला.)

आता विनंती. आमचे व्हिसा २८ सप्टेंबरपर्यंत चालू आहेत. मी अरुणाला घेऊन जाईन म्हणतो, दोघंच, गाईड घरी ठेवून. ती नेईल तिकडे जाईन, ती मागवील ते खाईन, विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. एवढं तिला तू फोन करून पटवून दे. मी आत्ता सांगायला गेलो होतो, पण मुद्दा दोन सुरू करेपर्यंत ती खाली निघून गेली.